लेसला पीळ का पडतो, आणि धारेला स्केट देताना आम्ही लेसवरून का बोलतो

हे सगळं आम्ही आमच्या आइस हॉकी स्केटला धार लावायच्या दुकानात, काउंटरवर रोज सांगतो पण मागे रांग असते, तुम्हालाही बर्फावर उतरायची घाई असते, त्यामुळे अर्धं ऐकलं जातं आणि अर्धं राहून जातं. म्हणून एकदाचं लिहून काढलंय. घरी निवांत वाचा आणि पुढच्या वेळी स्केट घालताना आपल्या हाताकडे जरा लक्ष द्या.

प्रश्न नेहमी हाच असतो, नवीन लेस घेतली, चांगली चपटी रुंद होती, पंधरा दिवसात तिची सुतळी झाली, माल खराब निघाला का? माल चांगला आहे. लेसला पीळ पडतो तो आपल्या हाताने, आणि बहुतेक वेळा एकाच सवयीमुळे. जोर लावायचा म्हणून लेस पंजाला दोन-तीन वेढे गुंडाळायची आणि ओढायची. अगदी चांगले खेळणारेही हे करतात, लहान मुलं त्यांचं बघून शिकतात, आणि कोणाला वाटतही नाही की यात काही चुकतंय, कारण ओढताना लेस घट्ट बसलेली हाताला कळत असते.

वेढ्याने पीळ कसा पडतो ते एकदा स्वतः करून बघा, मग आयुष्यभर लक्षात राहील. एखादी चपटी पट्टी किंवा जुनी लेस घ्या, एक टोक कशाला तरी बांधा, दुसरीकडून पंजाला चार वेढे द्या आणि मग वेढे न उलगडता हात बाजूने अलगद काढून घ्या. आता सुटं टोक फिरू न देता लेस ताणा. चार वेढ्यांचे चार पीळ पडलेले दिसतील. पाण्याचा पाईप वेटोळं करून ठेवला आणि नंतर टोक धरून ओढला की त्याला जसे तिढे पडतात तसंच हे. स्केटमध्ये आपण हेच प्रत्येक ओळीला करतो, एकदा उजव्या हाताने आणि एकदा डाव्या हाताने, वरपर्यंत पोचेपर्यंत किती पीळ जमले ते तुम्हीच मोजा.

बरं, हे पीळ वरच्या वर राहिले असते तरी चाललं असतं. पण खेळून झाल्यावर आपण लेस सैल करतो, बुटाची जीभ पुढे ओढतो, बूट उघडतो, तेव्हा वरची सुटी लेस खाली आत खेचली जाते आणि तिच्यातला पीळही सोबत आत जातो. दुसऱ्या दिवशी परत ओढली की लेस आयलेटमधून, म्हणजे ओवायच्या भोकातून, सरकते पण पीळ सरकत नाही, भोक अरुंद असतं, पीळ त्याच्या अलीकडेच अडकून साचत जातो. म्हणून तर नवीन लेस पहिले काही दिवस नीट वाटते आणि मग एकदम बिघडल्यासारखी वाटते. आमच्याकडे येणाऱ्या स्केटमध्ये पीळ सगळ्यात जास्त कुठे सापडतो तर घोट्याच्या पुढच्या वाकात, तिथल्या दोन-तीन ओळींत, म्हणजे नेमका जिथे पाय सगळ्यात जास्त वाकतो तिथे.

आणि त्रासही तिथेच होतो. चपटी लेस पसरून बसते तेव्हा साधारण आठ-नऊ मिलिमीटर रुंदीवर दाब वाटला जातो, पीळ पडून ती गोल झाली की तोच ताण निम्म्या रुंदीवर येतो, म्हणजे दाब दुप्पट. जिभेचा फोम तो किती दिवस सोसणार, फोम दबला की ती गोल दोरी थेट पायाच्या पुढच्या टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, बसते. यालाच लेस बाइट म्हणतात, पाय वर उचलताना पुढच्या वाकात दुखतं, कधी सुजतं. लेस बाइटला इतरही कारणं असतात, जुनी मऊ पडलेली जीभ, वरच्या ओळी गरजेपेक्षा जास्त आवळणं, कडक नवीन बूट. पण नवीन जीभ किंवा जेल पॅड घ्यायला जे लोक येतात त्यांना आम्ही आधी लेस उलगडून दाखवतो. पॅड आम्ही विकतो, विकायला आनंदच आहे, तरी आधी लेस सपाट करून दोन वेळा खेळून बघा असंच सांगतो. ज्याचं दुखणं तेवढ्याने थांबलं त्याला पॅड लागलंच नाही, आणि तो माणूस धारेला मात्र आमच्याकडेच येतो. सूज उतरत नसेल तर डॉक्टरला दाखवा, त्यात आमचं काम नाही.

मग जोर लावायचा कसा? वेढे न देता. लेस आयलेटच्या जवळ अंगठा आणि पहिल्या बोटात चपटी धरायची, बाहेर आणि किंचित वर ओढायची, दुसऱ्या हाताने समोरची बाजू, मग पुढची ओळ. बोटं घसरतात म्हणून लोक गुंडाळतात हे आम्हाला माहीत आहे, तर त्याला साधा उपाय म्हणजे लेस दुमडून धरा, एक घडी घालून ती मुठीत दाबा. घडीने पीळ पडत नाही, वेढ्याने पडतो, एवढाच फरक आहे. नाहीतर लेस ओढायचा हुक वापरा. हुक फुलीच्या खाली घालून वर उचलला की दोन्ही बाजू एकदम ताणल्या जातात आणि लेस सपाटच राहते, बोटंही कापत नाहीत. लहान मुलांचे स्केट बांधणाऱ्या आईबाबांना तर हुक घ्याच असं आम्ही आग्रहाने सांगतो, एका वेळी दोन-तीन मुलांचे स्केट बांधले की बोटांची काय हालत होते ते तुम्हीच आम्हाला सांगता. हुक काउंटरवरच ठेवलेला असतो, हातात घेऊन बघा.

हॉकी स्केटला वरपर्यंत आयलेटच असतात, फिगर स्केटसारखे (बर्फावर नाचायच्या स्केटसारखे) वर लेस अडकवायचे हुक नसतात, त्यामुळे वरची लेस रोज सोडवून मोकळी होत नाही, आत गेलेला पीळ आतच राहतो. पीळ बाहेर पडायला सुटं टोकच लागतं. मधेच बोटाने चपटी करत बसलात तर तो पीळ फक्त वरच्या ओळीतून खालच्या ओळीत ढकलला जातो. तेव्हा नुसतं दाबू नका, टोकापर्यंत नेऊन सोडवा. बांधायच्या आधी दोन्ही टोकं हातातून सोडून क्षणभर लोंबू द्या, ती आपोआप फिरून मोकळी होतात, मग चिमटीत धरून टोकापर्यंत एकदा हात फिरवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि हे रोज केलंत तर बाकीचं बरंचसं करावंच लागणार नाही.

आता एक गोष्ट जी नीटनेटक्या लोकांकडून होते. लेसवर रंगीत रेघ किंवा छपाई एकाच बाजूला असेल तर त्यांना वाटतं प्रत्येक फुलीत तीच बाजू वर दिसली पाहिजे. दिसायला छान दिसतं पण चपटी पट्टी भोकातून जाऊन परत समोर वळते तेव्हा तिची बाजू बदलणारच, एका ओळीत वरची बाजू वर असेल तर पुढच्या ओळीत खालची बाजू वर येईल. हेच बरोबर आहे. तीच बाजू वर आणायला गेलात तर प्रत्येक आयलेटपाशी अर्धा पीळ घातलात, एका बाजूला दहा-बारा आयलेट धरली तर एका टोकात पाच-सहा पूर्ण पीळ, तेही स्केट घालायच्या आधीच. बाजू बदलू द्या, फक्त फुली सपाट आहे ना ते बघा. लेस बाहेरून आत ओवा किंवा आतून बाहेर, दोन्हीत हा नियम तोच. बाहेरून आत ओवली की ओळ जागेवर जास्त पकडून राहते, आतून बाहेर ओवली की सैल करायला सोपी जाते, ज्याचं त्याने ठरवावं, आम्ही मोठ्यांना पहिली आणि लहान मुलांना दुसरी सुचवतो.

मेण लावलेली का साधी, हे पण बरेच जण विचारतात. मेणाची लेस ओढली की तिथेच धरून राहते, खालची ओळ सैल पडत नाही, बोटांना मात्र कडक लागते. तिला पीळ पडायला वेळ लागतो पण एकदा पडला की सुंभ जळाला तरी पीळ जात नाही अशी गत होते, मेण त्या आकारातच घट्ट धरून ठेवतं. साधी लेस मऊ, धुता येते, पीळ पटकन पडतो आणि पटकन जातोही. जे रोज खेळतात आणि गुंडाळायची सवय सुटत नाही त्यांना आम्ही साधी देतो.

पीळ बसलेली लेस परत सपाट होते का? साधी असेल तर हो. पूर्ण बाहेर काढा, कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि मध्यावर टांगून दोन्ही टोकं सुटी लोंबती ठेवून वाळवा. वाळल्यावर चिमटीत ओढत टोकापर्यंत न्या. इस्त्री करायची असेल तर वर कापड ठेवून अगदी कमी उष्णतेवर, बहुतेक लेस पॉलिएस्टरच्या असतात, जास्त तापवली की चकाकते आणि कडक होते. मेणाच्या लेसला इस्त्री अजिबात नको, मेण वितळून कापडाला लागतं. तिला हातात घासून गरम करा आणि ओढा, सुधारली तर ठीक, नाहीतर बदला. आयलेटपाशी धागे निघालेले दिसले तर दोन्ही प्रकारात बदलायचीच, गोल झालेली लेस भोकाच्या कडेला जास्त घासते आणि तुटते ती नेमकी ऐन खेळात ओढताना.

लांबीचं थोडक्यात. मोठ्यांच्या स्केटला साधारण 96, 108 किंवा 120 इंच लेस लागते, म्हणजे 244, 274 किंवा 305 सेंटिमीटर, मुलांना 72 किंवा 84 इंच. लेस उरते म्हणून घोट्याभोवती गुंडाळू नका, मागच्या टेंडनवर दाब येतो आणि तिथेही पीळ पडतो. स्केट सोबत आणा, आम्ही आयलेट मोजून लांबी सांगतो, उगाच मोठी घेऊ नका. गाठ सुरगाठच मारा पण दोन्ही फेर उलट दिशेने, एकदा डावं टोक उजव्यावरून घेतलं तर दुसऱ्यांदा उजवा फासा डाव्यावरून. फुलपाखरू आडवं बसलं तर गाठ बरोबर, बुटाच्या दिशेत उभं राहिलं तर चुकली आणि ती सुटणार. 2017 साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या इंजिनियरांनी चालताना गाठ कशी सुटते यावर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हीच उलट फेरांची गाठ जास्त टिकली. आणि गाठ सुटली नाही तर हातमोजे घालून घाईघाईत परत लेस गुंडाळून ओढायची वेळच येत नाही.

आता आमची विनंती. धारेला स्केट देताना लेस सैल करा, पीळ काढा, टोकं बुटाच्या आत टाका. स्केट मशीनवर पकडीत बसतो आणि पातं चाकाला लागतं, लेस लोंबत असेल तर फिरत्या चाकाजवळ जाते, तशी आम्ही चालू देणार नाही. मग आम्हालाच ती सोडवून आत टाकावी लागते, आणि ओली, पिळलेली, निरगाठ बसलेली लेस असेल तर धार लावण्यापेक्षा तिलाच जास्त वेळ जातो. कोणी म्हणतं कापून टाका ना, पण दुसऱ्याची लेस आम्ही न विचारता कापत नाही, आज संध्याकाळी मॅच असेल आणि बॅगेत दुसरी लेस नसेल तर तुमचं काय होणार. म्हणून उशीर होतो. काही जण यावर नाराज होतात, एवढीशी लेस तर आहे म्हणतात, पण मागे थांबलेल्या माणसाचाही वेळ त्याच लेसमध्ये जात असतो.

ओली लेस आवळलेली ठेवून बॅग बंद करू नका हे पण त्यातच आलं. जीभ पुढे ओढा, वरच्या चार-पाच ओळी सैल करा, बूट उघडा राहू द्या. ओली लेस पिळलेली वाळली की पीळ पक्का होतो, आयलेट गंजतात, आणि गंजलेल्या कडेवर नवीन लेसही टिकत नाही. आयलेट सैल झालं असेल किंवा कड धारदार लागत असेल तर दाखवा, ते आम्ही बदलून देतो.

लेस आमच्याकडून घेतलीत तर ओवूनही आम्हीच देतो, घाईने नेऊ नका, बाकावर बसून पाय घाला, आम्ही पहिल्यांदा हुकाने ओढून दाखवतो आणि दुसरा स्केट तुम्ही आमच्यासमोर बांधा. टोकाचं प्लास्टिक निघालं असेल तरी या, नवीन टोक बसवायला पाच मिनिटं लागतात.