‘पोटमा काहीच नही’: अतिदक्षता विभागातल्या अन्नाची पार्श्वभूमी

जळगाव असो की धुळं, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर सतरंजी टाकून बसलेले नातेवाईक डॉक्टरांना आधी आजाराबद्दल विचारतात आणि लगेच खाण्याबद्दल. “साहेब, चार दिन व्हयनात, बापना पोटमा काहीच नही.” त्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: सलाईन चालू आहे. मग सगळे गप्प होतात. सलाईन म्हणजे ताकद, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की नुसता थकवा आला तरी माणूस गावातल्या दवाखान्यात जाऊन एक बाटली लावून येतो.

त्या बाटलीचा हिशेब एकदा मांडून बघावा. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण ८५ कॅलरी. रावेरच्या एका मध्यम केळ्यात याहून जास्त, शंभराच्या आसपास असतात. नॉर्मल सलाईन तर निव्वळ मिठाचं पाणी, त्यात कॅलरी शून्य. दिवसाला डेक्स्ट्रोजच्या तीन बाटल्या गेल्या तरी अडीच केळी. याउलट ६० किलोच्या गंभीर रुग्णाला, तब्येत थोडी स्थिरावल्यावर, रोज १२०० ते १५०० कॅलरी आणि ७५-८० ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे बाप खरंच उपाशी असतो. सतरंजीवरचा प्रश्न बरोबर असतो.

सलाईनचा यात दोष नाही. ते अन्न म्हणून कधी आलंच नव्हतं. १८३२ च्या कॉलऱ्यात स्कॉटलंडमधल्या लीथ इथे थॉमस लाटा या डॉक्टरने रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडलं, ते जुलाबावाटे गेलेलं पाणी भरून काढायला. पोट भरायची वाट तेव्हा वेगळी होती आणि आज वाचताना ती चमत्कारिक वाटते. गिळता न येणाऱ्या एका रुग्णाला जॉन हंटरने १७९० च्या सुमारास ईल माशाच्या कातडीच्या नळीतून अन्न दिलं. १८८१ मध्ये गोळी लागलेले अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड अडीच महिने अंथरुणावर झिजत होते. शेवटी त्यांना गुदद्वारातून मांसाचा अर्क आणि अंडी देत होते. मोठ्या आतड्यात अन्न पचत नाही. ते गेले तेव्हा हाडांचा सापळा उरला होता.

आपल्या वॉर्डात सिस्टर जिला ‘आरटी’ म्हणतात ती राईल्स ट्यूब १९२१ ची. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या जॉन राईल यांनी ती पोटातला रस तपासणीसाठी बाहेर काढायला बनवली होती. आपण तिच्यातून अन्न आत घालतो! हेच राईल पुढे केंब्रिजची मानाची गादी सोडून १९४३ मध्ये ऑक्सफर्डला सामाजिक वैद्यकाचे पहिले प्राध्यापक झाले. गरिबीचा आणि आजाराचा संबंध काय, हा त्यांचा विषय. नळीवर नाव राहिलं, ते काम मात्र फारसं कुणाला आठवत नाही.

उपासमार आणि मृत्यू यांचा संबंध आकड्यांत दिसला तो १९३० च्या दशकात. ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसन हाड मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासत होते. तिच्यातून नायट्रोजन (प्रथिनं मोडल्याची खूण) इतका जात होता की तो एकट्या मोडलेल्या भागातून येणं शक्य नव्हतं. सगळ्या अंगाचे स्नायू वितळत होते. १९३६ मध्ये क्लीव्हलंडच्या हायरम स्टडली यांनी अल्सरच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णांचं घटलेलं वजन मोजलं. ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त उतरलं होतं त्यांच्यातले एक तृतीयांश दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण साडेतीन टक्के होतं. त्यासाठी लागला फक्त एक वजनकाटा. आजही कित्येक वॉर्डांत तो शोधावा लागतो.

मग आलं दुसरं महायुद्ध, आणि एक उलटाच धडा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातल्या अनुभवावरून दूध पावडर, पीठ आणि साखरेचं एक मिश्रण ठरलं होतं. एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीतल्या बेल्सनच्या नाझी छळछावणीतून सुटलेल्यांना ब्रिटिशांनी तेच दिलं. ते इतकं गोड होतं की अनेकांना घशाखाली उतरेना. शिरेतून प्रथिनं द्यायला जावं तर सुई बघूनच ते कैदी घाबरायचे. त्याच सुमारास लक्षात आलं की फार दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम पोटभर खाऊ घातलं तर तो मरूही शकतो. साखर आत गेली की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. मग हृदय अडखळतं, श्वासाचे स्नायू थकतात. याला आता रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

आपल्याकडे अठाईचं (जैनांच्या आठ दिवसांच्या उपासाचं) पारणं मुगाच्या पाण्यावर सोडतात. आयुर्वेदातही शोधनानंतर, म्हणजे पोट साफ करण्याच्या उपचारांनंतर, पेया (पातळ पेज), मग विलेपी (दाट पेज), मग यूष (डाळीचं कढण) असा चढता क्रम आहे. ‘आमच्या पूर्वजांना फॉस्फरस ठाऊक होतं’ असा याचा अर्थ काढू नये. रिकाम्या पोटाला हळूहळू घ्यावं, एवढं मात्र त्यांना अनुभवाने पक्कं कळलं होतं.

१९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीतून अतिदक्षता विभाग जन्माला आला. त्याआधी गंभीर रुग्ण चार-आठ दिवसांत बरा व्हायचा किंवा जायचा. आता कृत्रिम श्वासाच्या आधारावर तो आठवडेच्या आठवडे राहू लागला आणि त्याची उपासमार डोळ्यांना दिसू लागली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी शिरेतून देता येईल असं सोयाबीन तेलाचं दुधाळ मिश्रण तयार केलं. (भुलीचं पांढरं प्रोपोफॉल आजही अशाच तेलात येतं, म्हणून त्याच्याही कॅलरी मोजाव्या लागतात.) फिलाडेल्फियात स्टॅनली डड्रिक यांनी आधी कुत्र्याची पिल्लं आणि १९६७ मध्ये आतडं नीट न बनलेलं एक तान्हं बाळ निव्वळ शिरेतल्या अन्नावर वाढवून दाखवलं. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स बटरवर्थ यांनी स्वतःच्याच व्यवसायाला खडसावलं: रुग्णालयं माणसांना उपाशी मारतायत, उंची-वजन लिहीत नाहीत, दिवसचे दिवस ग्लुकोज-सलाईनवर ठेवतात. पन्नास वर्षं झाली, यादी ओळखीची वाटते.

नवं हत्यार हातात आल्यावर व्हायचं तेच झालं. शिरेतून भरमसाट कॅलरी ओतायची लाट आली. साखर भडकली, यकृतात चरबी साठली, नळ्यांतून जंतू शिरले. २०११ मध्ये बेल्जियममधल्या ४६४० रुग्णांच्या चाचणीत शिरेतलं अन्न लवकर जोडण्यापेक्षा आठवडाभर थांबलेलेच लवकर सावरले. २०१८ च्या एका चाचणीत जवळपास चार हजार रुग्णांपैकी निम्म्यांना नळीतून दाट फीड (पातळ अन्न) देऊन कॅलरी वाढवल्या, मृत्यू काही कमी झाले नाहीत. २०२३ मध्ये प्रथिनं जवळपास दुप्पट करून पाहिली. फायदा झाला नाही, आणि मूत्रपिंड बिघडलेल्यांना उलट अपायच झालेला दिसला. आजाराच्या पहिल्या दिवसांत शरीर स्वतःचंच मांस जाळत असतं आणि बाहेरून कितीही ओतलं तरी ते थांबत नाही.

म्हणून आजची पद्धत मधली आहे. रक्तदाब सावरला की ४८ तासांच्या आत नळीने सुरुवात, तीही ताशी १०-२० मिली एवढीच. उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच. पोट चालतंय तोवर पोटातूनच, कारण काम नसलं की आतड्याचं अस्तर झिजतं. मग काही दिवसांत वाढवत न्यायचं.

खान्देशात यातलं काय अडतं? फवारणीचं औषध पोटात गेलेला कापूसवाला अ‍ॅट्रोपिन या विषावरच्या उताऱ्यावर असतो, त्या उताऱ्याने आतडं मंदावतं आणि फीड पुढे सरकत नाही. घरून येतं ते डाळीचं पाणी, त्यात डाळ कमी आणि पाणीच फार. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, मूत्रपिंड बसलं असेल तर ते घातक. भटारखान्यातलं दूध-अंड्याचं फीड दाट झालं तर नळी तुंबते, पातळ केलं तर कॅलरी उरत नाहीत. आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत ते चार तासही ठेवायची सोय नाही.

सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे हाच इतिहास लहान वाटीत दिसतो. तीव्र कुपोषित बाळ भरती झालं की त्याला आधी एफ-७५ हे दुधाचं मिश्रण देतात, १०० मिलीत फक्त ७५ कॅलरी आणि प्रथिनंही बेताची. आईला ते पटत नाही. एवढं वाळलेलं लेकरू आणि त्याला एवढंसं पातळ दूध? बाळ वाटी संपवून पुन्हा मागायला लागलं आणि पायांवरची सूज उतरू लागली, की मग हळूहळू जास्त कॅलरीच्या एफ-१०० वर नेतात.