लाईट गेली आणि कुल्फीची रेती झाली

परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला तरी माठातलं पाणी गारच असतं. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे माठातून पाझरलेलं पाणी झपाट्यानं उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. पण माठाची मजल गारव्यापर्यंतच. कुल्फी गोठवायची तर फ्रीज हवा, आणि फ्रीज म्हटला की लाईट आली.

मागच्या उन्हाळ्यात केशर आंब्याची कुल्फी लावली. मराठवाड्याच्या केशरला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आम्ही तो जरा ताठ मानेनंच खातो (मूळ जुनागढचा आहे, हे सोयीस्कर विसरून). रात्री कुल्फी छान गोठली. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, तीन तासांनी आली. संध्याकाळी आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "कचकच लागतंय रे, रेतीसारखं."

ती रेती म्हणजे बर्फाचे खडे. चांगल्या कुल्फीतही बर्फ असतोच, पण त्याचे कण इतके बारीक असतात की जिभेला कळत नाहीत. ते ०.०५ मिलिमीटरच्या पुढे गेले की कचकच जाणवायला लागते. लाईट गेल्यावर बारीक कण आधी वितळतात. लाईट आली की ते पाणी नवे कण तयार करत बसत नाही, उरलेल्या मोठ्या कणांनाच चिकटतं. म्हणजे प्रत्येक वेळी लहान मरतात आणि मोठे फुगतात. बाहेरून कुल्फी तशीच दिसते, म्हणून आपण फसतो.

मग आधीपासूनच पाणी कमी ठेवायचं. दूध आटवतात ते यासाठीच. म्हशीच्या दुधातही शंभरातले ८०च्या वर भाग पाणीच असतं. एक लिटरचं अर्धा लिटर केलं की नुसतं पाणी उडतं. साय, प्रथिनं, साखर मागं राहतात. आइस्क्रीम घुसळून त्यात हवा भरतात, कुल्फीत हवा जवळपास नसते. तिचा मऊपणा सगळा या आटवण्यावर आणि साखरेवर उभा असतो.

साखरेचं काम नुसतं गोडीचं नाही. एक लिटर पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवली तर ते शून्याला गोठत नाही, जवळपास उणे दोनला गोठायला लागतं. शिवाय पाण्याचा बर्फ होत जातो तसतसा उरलेला पाक घट्ट होतो आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. त्यामुळे फ्रीजरच्या उणे १८ अंशांतही थोडा पाक पातळच राहतो, म्हणून चमचा रुततो. इथे आंबा पिकलेला असण्याला महत्त्व आहे. पाड लागायच्या आधीच्या आंब्यात पिष्ट असतं. त्याचे रेणू अवाढव्य, म्हणजे वजनाच्या मानानं संख्येनं थोडे, आणि गोठणबिंदू खाली ढकलायला संख्याच लागते. आढीत आंबा पिकताना त्याच पिष्टाची साखर होते. अर्धकच्च्या आंब्याची कुल्फी दगडासारखी होते ती यामुळे.

गावरान आंब्याचा रस घेणार असाल तर आणखी एक भानगड. तो आंबट असतो, आणि आंबटपणा ठरावीक हद्दीपलीकडे गेला की दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं. त्यातून दूध गरम असेल तर डोळ्यांदेखत नासतं. दूध पूर्ण गार होऊ द्या, मगच रस घाला.

लाईट नव्हती तेव्हाही कुल्फी होतीच. मटकेवाला बर्फात मूठ-मूठ खडे मीठ टाकायचा, त्यात पत्र्याचे साचे रोवायचा आणि मटका हलवत राहायचा. मिठामुळे बर्फ शून्याखालीच वितळायला लागतो, आणि एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. ती साच्यातल्या दुधातून ओढली जाते. मीठ-बर्फाचं हे मिश्रण फार तर उणे २१ पर्यंत उतरतं, म्हणजे घरच्या फ्रीजरच्याही खाली.

यंदा हेच मीठ फ्रीजरमध्ये नेलं. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम मीठ घालून दोन बाटल्या भरल्या (थोड्या रिकाम्या ठेवून, नाहीतर फुटतात) आणि कुल्फीच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. साध्या बर्फाची बाटली शून्यावर वितळते, तोवर कुल्फीचं पाणी झालेलं असतं. खारट बर्फ मात्र उणे सहाला पोचायच्या आधीच वितळत उष्णता गिळतो.

कुल्फीचं मिश्रण आईला चाखवलं तर तोंड वाकडं करून म्हणाली, "गोडमिट्ट केलंस." तसंच हवं होतं, थंड जिभेला गोडी कमी कळते.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला लाईट गेली. फ्रीजरचं दार उघडायचं नाही अशी घरभर ताकीद दिली. सव्वातीनला मात्र मलाच राहवलं नाही. एक साचा काढला, दोन्ही तळव्यांत धरून मटकेवाल्यासारखा फिरवला. कुल्फी सुटून ताटलीत पडली, कडा जेमतेम ओल्या झाल्या होत्या. पुन्हा गोठवायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या पोरांना हाक मारली.