टक्कल, पुरुषी

पुरुषांच्या डोक्यावरील केस कपाळाचे दोन्ही कोपरे आणि भोवऱ्याची जागा अशा ठरावीक क्रमाने विरळ होत जातात, त्या अवस्थेस पुरुषी टक्कल म्हणतात. आयुर्वेदात यासाठी ‘खालित्य’ ही संज्ञा आहे. रुपयाएवढा गोल चकता अचानक साफ होतो ती चाई. तो वेगळा विकार असून त्याचा येथे विचार केलेला नाही. पुरुषी टक्कल घराण्यातून येते, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद नाही. ते कोणाकडून येते, याचे घरोघरी ठरलेले उत्तर मात्र ‘मामावर गेलाय’ असे असते, आणि ते अर्धेच बरोबर आहे. ते दोन्ही घराण्यांकडून येते. आईकडून येणाऱ्या हिश्श्यातही सर्वांत वजनदार जनुकाच्या बाबतीत मामापेक्षा आईच्या वडिलांचे डोके अधिक सांगून जाते.

टकलाचा नमुना पाहायचा असेल तर नाशिकच्या रामकुंडासारखी जागा नाही. वडिलांच्या दिवसकार्यासाठी आलेला पन्नाशीचा माणूस नाभिकासमोर मान खाली घालून बसतो. वस्तरा फिरला की एका कानापासून मानेवरून दुसऱ्या कानापर्यंत केसांच्या खुंटांची निळसर पट्टी उमटते, घोड्याच्या नालासारखी. तिच्या आतला भाग गुळगुळीत चमकतो. शेंडी ठेवायची ती भोवऱ्यापाशी, आणि अनेकांचे टक्कल नेमके तिथूनच सुरू झालेले असते. मग नाभिक बोटाने चाचपून जरा मागे सरकतो आणि जिथे चार केस सापडतील तिथे शेंडी राखतो. शेजारी बसलेल्या धाकट्या भावाच्या डोक्यावर कधी तोच नाल दिसतो, कधी अजिबात नाही. सख्ख्या भावांतला हा फरक आनुवंशिकतेच्या विरोधातला पुरावा नाही. उलट तो तिच्या गणितात बसतो. ते गणित पुढे येईल.

हा क्रम जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने 1951 मध्ये वर्गवारी करून मांडला. ओटार नॉरवुड यांनी 1975 मध्ये तो सुधारला. त्यांच्या सात पायऱ्या आजही डॉक्टर वापरतात. हॅमिल्टनचे अधिक महत्त्वाचे काम मात्र 1942 मधले आहे. वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण निकामी झाले किंवा काढले गेले, अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, हे त्याने दाखवले. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले, इतरांचे टिकले. औषध थांबवल्यावर गळती थांबली, पण गेलेले केस परतले नाहीत. पुरुषी संप्रेरक हवे आणि घराण्याचा कल हवा, दोन्ही जुळले तरच टक्कल, हे त्यातून पक्के झाले.

केस ज्या सूक्ष्म पिशवीत रुजलेला असतो तिला केशपुटक म्हणतात. डोक्यावरचा केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, मग तीनेक महिने विसावतो आणि गळतो. त्याच पुटकातून नवा उगवतो. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हा या चक्राचाच भाग आहे, म्हणून कंगव्यातले केस मोजत बसण्यात अर्थ नसतो. टेस्टोस्टेरॉनपासून फाइव्ह-अल्फा रिडक्टेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन (डीएचटी) बनते. ज्या पुटकांना ते बाधते त्यांचा वाढीचा काळ दर फेरीला आखडतो आणि पुटक लहान होत जाते. जाड काळ्या केसाच्या जागी बारीक, फिकट लव येते. म्हणजे टकलावर सुरुवातीला केस नसतात असे नाही, ते दिसेनासे झालेले असतात. गंमत अशी की हेच संप्रेरक दाढी आणि छातीवरचे केस राठ करते. टकलू पुरुषांच्या रक्तात पुरुषी संप्रेरक जास्त असते, हा समज चुकीचा आहे. फरक असतो तो पुटकाच्या संवेदनशीलतेत, आणि ती जनुके ठरवतात.

यातले सर्वांत प्रभावी जनुक अँड्रोजन ग्राहीचे, म्हणजे डीएचटी ज्या कुलपात किल्लीसारखे बसते त्या प्रथिनाचे. ते एक्स गुणसूत्रावर आहे. मुलाला एक्स आईकडून मिळते आणि वाय वडिलांकडून, म्हणून हे जनुक बापाकडून लेकाला कधीच मिळत नाही. आजोळावर बोट दाखवण्याची सवय इथून खरी ठरते. पण आईकडे दोन एक्स असतात: एक तिच्या वडिलांचे, एक तिच्या आईकडचे. मुलाला या जनुकाची आजोबांकडची प्रत मिळण्याची शक्यता निम्मी. मामाला एक्स मिळालेले असते ते त्याच्या आईकडून. भाच्याची प्रत मामाच्या प्रतीशी जुळण्याची शक्यता त्यामुळे चारात एक इतकीच उरते. दोन सख्ख्या भावांनाही आईची तीच प्रत मिळेल याची शक्यता निम्मीच असते. रामकुंडावरचे ते दोन भाऊ असे वेगळे होतात.

नात्यांचा हा हिशेब थोडा पुढे नेला तर आणखी मजा येते. दोन बहिणींना वडिलांचे एक्स हमखास सारखेच मिळते. त्यामुळे मावसभावाशी प्रत जुळण्याची शक्यता आठात तीन, म्हणजे मामापेक्षा जास्त. मामेभावाकडे पाहून मात्र या जनुकाबद्दल काहीच कळत नाही, कारण त्याचे एक्स मामीकडून आलेले. चुलतभाऊ आणि आतेभाऊ यांचीही तीच गत. अर्थात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे. तिथे मामाचे एक्स मुलीमार्फत नातवाकडे जाते आणि वर मांडलेला हिशेब बदलतो.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळींच्या वह्या असतात. कुळ आणि गाव सांगितले की पणजोबा कधी येऊन गेले ते पान उघडते. त्या नोंदींचा कणा बाप-लेक असा असल्याने एक्स गुणसूत्राचा माग त्यांत लागत नाही. श्राद्धाचा संकल्प या बाबतीत जास्त उदार आहे: पित्याकडच्या तीन पिढ्यांबरोबर मातामह (आईचे वडील), प्रमातामह (त्यांचे वडील), वृद्धप्रमातामह (त्यांचे आजोबा) यांचीही नावे सपत्नीक घेतली जातात. त्यांपैकी मातामहाचे एक्स नातवापर्यंत पोचू शकते. प्रमातामहाचे मात्र पोचत नाही, कारण मातामह हा त्याचा मुलगा आणि मुलाला बापाचे एक्स मिळत नाही. प्रमातामहाच्या पत्नीचे पोचू शकते. ‘सपत्नीक’ हा शब्द इथे अनपेक्षितपणे कामाला येतो.

तरीही सारा दोष आजोळाला देता येत नाही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात अँड्रोजन ग्राही जनुकाचा धोक्याचा प्रकार तरुणपणीच टक्कल पडलेल्या सुमारे 98 टक्के पुरुषांत सापडला, पण टक्कल नसलेल्या सुमारे 77 टक्क्यांतही तो होताच. जवळजवळ लागतोच, पण एकटा पुरत नाही, असे हे जनुक आहे. बापाला टक्कल असेल तर मुलाला पडण्याची शक्यता वाढते, हेही अनेक पाहण्यांत दिसले आहे, आणि ते एक्सने समजावता येत नाही. 2008 मध्ये विसाव्या गुणसूत्रावर टकलाशी निगडित जागा सापडली. ती आईकडून जशी येते तशी वडिलांकडूनही येते. 2017 मध्ये ब्रिटनमधील 52 हजारांहून अधिक पुरुषांच्या तपासणीत अशा 287 जागा निघाल्या. त्यांपैकी 40 एक्सवर, बाकीच्या इतर गुणसूत्रांवर. या सर्वांची बेरीज करून अंदाज बांधला, तेव्हा धोक्याची बेरीज मध्यापेक्षा कमी असलेल्यांतही 14 टक्क्यांचे केस बरेच गेलेले निघाले. तेव्हा जनुकतपासणीवर पैसे खर्चण्यापूर्वी घरातला जुना फोटो अल्बम काढावा, हे बरे. शिवाय असे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या पुरुषांवर झालेले असल्याने त्यांची आकडेवारी आपल्याकडे जशीच्या तशी लावता येत नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांतून टकलाची आनुवंशिकता सुमारे 80 टक्के निघते. याचा अर्थ टकलू बापाच्या मुलाला 80 टक्के टक्कल पडणारच, असा नव्हे. माणसामाणसांत टकलाचा जो फरक दिसतो, त्यापैकी सुमारे 80 टक्के फरक जनुकांतल्या फरकामुळे, एवढाच त्याचा अर्थ.

लग्न ठरवताना मुलीकडची मंडळी मुलाच्या मागे सरकलेल्या कपाळाकडे हळूच पाहतात. होणाऱ्या नातवाला अँड्रोजन ग्राहीचे जनुक मात्र मुलीकडूनच मिळणार असते, आणि त्या जनुकाची एक प्रत तिचे वडील डोक्यावरची टोपी सारखी करत समोरच्या खुर्चीत घेऊन बसलेले असतात.

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दुचाकीवरून जाणारा तरुण केसांसाठी हेल्मेटला दोष देतो, नव्या वसाहतीतला बोअरच्या पाण्याला. जड पाण्याने केस राठ होतात, पण कपाळाचे कोपरे मागे सरकत नाहीत. हेल्मेटचेही तसेच, ते काढण्याचे हे कारण होऊ शकत नाही. गोटा केल्याने केस दाट येतात हाही भ्रम आहे, बाळाचे जावळ काढले तरी. वस्तरा कातडीवर चालतो, पुटक आत असते. डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस जातात, ते बहुधा परत येतात. जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत स्त्रिया-मुलांसह अनेकांचे केस काही दिवसांत गेले. आनुवंशिक टक्कल असे कधीच वागत नाही. ते वर्षानुवर्षे, कोपऱ्यांतून येते. स्त्रियांतही आनुवंशिक विरळपणा असतो, पण त्यांचा बहुधा भांग रुंदावतो आणि कपाळावरची रेषा टिकते.

उपचारांपैकी मिनॉक्सिडिल टाळूवर लावतात. फिनास्टेराइड गोळीने घेतात. ते डीएचटी तयार होणेच कमी करते. त्यामागे डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांची कथा आहे: तिथल्या काही पुरुषांत जन्मतःच फाइव्ह-अल्फा रिडक्टेज कमी असते आणि त्यांना टक्कल पडत नाही, असे 1974 मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत केसांसाठी हे औषध 1997 मध्ये मान्य झाले. काहींना त्याने लैंगिक तक्रारी होतात, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. दोन्ही औषधे बंद केली की टक्कल पुन्हा आपल्या वाटेने पुढे सरकते.

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडवर पाट्या दिसतात त्या केशरोपणाचे तत्त्व द्राक्षबागाईतदाराला समजावून सांगावे लागत नाही. डॉगरिज जातीच्या खुंटावर (मुळांसाठी लावलेल्या वेलीवर) थॉमसन या द्राक्षजातीची काडी भरली तर घड थॉमसनचेच लागतात. 1959 मध्ये नॉर्मन ओरेंट्राइक या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने दाखवले ते हेच: मानेकडच्या पट्टीतले केस टकलावर लावले तरी ते मानेकडच्या केसांसारखेच टिकतात. आजूबाजूचे मूळचे केस मात्र जातच राहतात, म्हणून पंचविशीत घाईने रोपण केलेल्याच्या कपाळावर पुढे केसांचे बेट उरू शकते. आणि रोपणाने जनुके बदलत नाहीत, त्यामुळे अशा माणसाच्या मुलाने वडिलांचे डोके पाहून स्वतःबद्दल अंदाज बांधू नये. त्याने त्यांचा लग्नाआधीचा फोटो मागून घ्यावा.