चोवीस तास पाण्याच्या वॉर्डातली घागर

आमच्या गल्लीत पाणी येण्याआधी नळ बोलतो. आधी फुस्स करून हवा सुटते, मग दोन-चार उचक्या, मग तांबूस गढूळ धार. ती गटारीत सोडायची, पाणी निवळलं की कळशी लावायची. त्याच्या आधी मोरीत परवाचं 'शिळं' पाणी ओतून टाकायचं. बेळगावात ज्याचं बालपण गेलं त्याला हे सांगावं लागत नाही.

माझी आत्या चार गल्ल्या पलीकडे राहते, पण तिच्या नळाला उचक्या लागत नाहीत. 2008 च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांतल्या मोजक्या वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. बेळगावात 58 पैकी 10 वॉर्डांना ती मिळाली आणि आत्याचा वॉर्ड त्या दहांत बसला. राकसकोप आणि हिडकल धरणांचं तेच पाणी, पण तिच्याकडे रात्री दोन वाजताही नळ सोडला तर धार लागते.

आता प्रश्न असा, की या योजनेनं काय झालं? ऑफिसात विचारलं तर उत्तर फायलीत तयार असतं: इतके किलोमीटर पाइप, इतकी कनेक्शनं, इतके मीटर, इतका खर्च. उत्तर खोटं नसतं, पण ते काम झाल्याचं उत्तर आहे. आत्याच्या नातवंडांची पोटं कमी बिघडली का, हे त्या फायलीत कुठंच नसतं.

ते शोधायचं कसं? पहिला विचार मनात येतो तो आधी आणि नंतरची तुलना. पण 'आधी'चा आकडा जुलैत घेतला आणि 'नंतर'चा जानेवारीत, तर योजना न करताही फरक दिसेल. आमच्याकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला माहीत आहे, जुलाब-उलट्यांचा मोसम कुठला असतो ते. मग दुसरा विचार: शेजारचा, योजना न मिळालेला वॉर्ड बघू. हा बरा, पण वॉर्ड काही चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. एका वॉर्डात बंगले जास्त, दुसऱ्यात दोन खोल्यांची घरं. एकीकडे आया शिकलेल्या, दुसरीकडे घरात संडासही नाही. फरक दिसला तर तो पाण्याचा की पैशाचा?

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हुबळी-धारवाडात यावर जो मार्ग काढला, तो आपल्याला नवा वाटू नये. लग्नात पत्रिका जुळवतात तसे त्यांनी वॉर्ड जुळवले. चोवीस तास पाण्याचे आठ वॉर्ड घेतले आणि अधूनमधून पाणी येणाऱ्या वॉर्डांतून, राहणीमान वगैरे ताडून, त्यांना शक्य तितके मिळतेजुळते आठ निवडले. मग पाच वर्षांखालची मुलं असलेली सुमारे 4 हजार घरं धरली आणि त्या घरांत पुन्हा पुन्हा जाऊन तेच प्रश्न विचारले. पत्रिका जुळली तरी संसार जुळेलच असं नाही, तसं इथंही न मोजलेला एखादा फरक राहू शकतो. म्हणून असा अभ्यास 'संबंध दिसतो' इतकंच म्हणतो आणि तेवढ्यावर थांबतो. हा संयम मला आवडतो.

प्रश्न विचारणं हेही वाटतं तितकं सोपं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे, 24 तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच म्हणजे अतिसार. आमच्या भागात कानडी फॉर्म हातात घेऊन एखादी मुलगी मराठी घरात गेली आणि "बाळाला अतिसार झाला होता का?" असं विचारलं, तर आजी ठाम "नाही" म्हणेल. कारण तिच्या लेखी ते दात येताना पोट सुटलेलं असतं, त्याला कोण आजार म्हणतं? हगवण वेगळी, जुलाब वेगळे, आव पडणं वेगळं. शब्द चुकला की आकडा चुकला. सीमाभागात भाषेवरून इतकं रणकंदन होतं, पण सर्वेक्षणाच्या फॉर्मची भाषा हा प्रश्न मात्र कुणी मनावर घेत नाही.

तर निकाल. तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आणि कुणालाच पूर्ण खूश करणारा नव्हता. लहान मुलांच्या एकूण जुलाबांत दोन्हीकडे म्हणण्यासारखा फरक नाही. पण रक्ताच्या जुलाबांचं प्रमाण चोवीस तास पाण्याच्या वॉर्डांत 37 टक्के कमी, आणि टायफॉइड झाल्याचं सांगणारी घरं 42 टक्के कमी. योजना फसली म्हणावं तरी पंचाईत, गाजली म्हणावं तरी पंचाईत.

असं का, हे नळाच्या उचकीतच दडलंय. पाणी बंद असताना पाइप रिकामा पडतो, आतला दाब उतरतो आणि फुटक्या जोडांतून आजूबाजूचं गटारीचं पाणी आत झिरपतं. पहिली गढूळ धार ती हीच. पाइप कायम भरलेला असला तर गळती आतून बाहेर होते, बाहेरून आत नाही. हुबळी-धारवाडातच नळाच्या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा अधूनमधून येणाऱ्या पाण्यात 31.7 टक्के नमुन्यांत ई-कोलाय हा विष्ठेतला जिवाणू सापडला, चोवीस तासवाल्यांत फक्त 0.7 टक्क्यांत. इतका फरक नळाशी, तरी मुलांच्या पोटात तो पुरता उतरला नाही. कारण पाणी नळातून थेट तोंडात जात नाही. ते घागरीत जातं, घागरीत पेला बुडतो, पेल्याबरोबर बोटंही. साठवलेलं पाणी दोन्हीकडे खराब होत होतं. शिवाय जुलाबांना पाणी हा एकच रस्ता नाही.

योजना राबवताना मधला माणूस हिशेबात धरला नाही तर काय होतं, याचा नमुना बंगळुरात मिळाला. तिथं पाणी सोडणाऱ्याने व्हॉल्व्ह उघडला की फोनवरून कळवायचं आणि घराघरांत मेसेज जायचा, अशी सेवा होती. काही भागांना ती देऊन, काहींना न देता तपासलं, तर लोकांच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला नव्हता. मुख्य कारण, पाणी सोडणारेच नेमानं कळवत नव्हते. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर नवल नाही. वरच्या कामात हे आणखी एक काम, आणि त्यातून त्यांच्या पदरात काय पडणार?

कर्नाटकातल्याच सरकारी दवाखान्यांची गोष्टही याच जातीची. पाच जिल्ह्यांतल्या 322 प्राथमिक आरोग्य केंद्रांपैकी 140 केंद्रांत हजेरीसाठी थंबचं मशीन बसवलं. कुठं बसवायचं हे मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे पत्रिका जुळवायची गरजच उरली नाही. नर्स, लॅबवाले, औषधं देणारे यांची हजेरी वाढली. डॉक्टरांची हलली नाही. गैरहजेरी मशीनवर दिसत होती, पण तिच्यावर रजा कापायची हिंमत वरून फारशी झाली नाही. डॉक्टर आधीच कमी, दुखावला आणि सोडून गेला तर? तरीही त्या केंद्रांच्या भागात कमी वजनाची बाळं जन्मण्याचं प्रमाण सुमारे चतुर्थांशाने घटलं. डॉक्टर तेवढेच, नर्स जास्त दिवस जागेवर, आणि बाळं भरलेली. हे कुठल्या फायलीनं आधी सांगितलं असतं?

परवा आत्याकडे गेल्यावर पाहिलं, तर चोवीस तास पाण्याच्या घरात ओट्यावर तांब्याची घागर काठोकाठ भरलेली. वर झाकण, झाकणावर पेला पालथा. "आता कशाला भरून ठेवतेस?" विचारलं.

"आणि पाणी गेलं तर?" ती म्हणाली. किती वर्षांत गेलं नाही असं विचारल्यावर तिनं बोटं मोजायला सुरुवात केली, मध्येच सोडून दिली, आणि पेला घागरीत बुडवून मला पाणी दिलं. मी प्यायलो.