पार्श्वभूमी : लांब एक्स-रे, जोडलेली फिल्म आणि ‘स्कॅनोग्राम’ नावाचा घोळ

सोलापुरात गुडघा बदलायचं ठरलं की पेशंटच्या हातात जी चिठ्ठी पडते, तिच्यावर बहुतेकदा एकच शब्द असतो : स्कॅनोग्राम. अक्कलकोट, मंगळवेढा किंवा इंडीकडून आलेला माणूस ती घेऊन सेंटरवर पोचतो आणि ‘लांबडा फोटो काढायला सांगितलाय’ म्हणतो. त्याचं म्हणणं चिठ्ठीपेक्षा स्पष्ट असतं. खुब्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय एका चित्रात हवे असतात. पण ४३ सेंटिमीटरच्या डिटेक्टरवर (किरण टिपणाऱ्या पाटीवर) ते एका दमात मावत नाहीत, म्हणून तीन तुकडे घेऊन जोडावे लागतात.

ही जोडाजोड क्ष-किरणांइतकीच जुनी आहे. शोध १८९५ च्या नोव्हेंबरातला, आणि १८९६ मध्येच जर्मनीत वेगवेगळ्या प्लेटा जोडून आख्ख्या माणसाचं चित्र तयार केलं गेलं. ते मुख्यतः नवलाईसाठी होतं. वैद्यकीय गरज पुढे आली, ती मुलांच्या पायांतला लांबीचा फरक मोजताना आणि पाठीच्या बाकाचा कोन काढताना.

फिल्मच्या काळात १४×३६ इंची लांब कॅसेट, म्हणजे फिल्म ठेवायची बंद पेटी, मिळायची. पण तेवढी फिल्म धुवायला तेवढी टाकी लागते, आणि बहुतेक डार्करूमच्या टाक्या १४×१७ च्या हँगरपुरत्याच. लांब फिल्मसाठी ट्यूब, म्हणजे किरण सोडणारी नळी, दूर न्यायची तर १०० सेंटिमीटरवरून १८० वर गेल्यावर एक्स्पोजर सव्वातीन पट द्यावं लागतं. १०० एमएच्या (मिलीअँपिअरच्या, कमी ताकदीच्या) मशीनवर म्हणजे वेळ वाढणार, आणि वेळ वाढला की पेशंट हलणार. शिवाय खुब्याला जेवढं एक्स्पोजर लागतं तेवढ्यात घोटा जळून काळा होतो. म्हणून तीन साध्या कॅसेटवर तीन वेगळे शॉट घेणं आणि नंतर व्ह्यू बॉक्सवर (फिल्म पाहायच्या उजेडाच्या पेटीवर) फिल्मा जुळवणं हाच व्यवहार होता. खडू-पेन्सिलीची खूण धरून कागद कापायच्या कटरवर कडा छाटायच्या, मागून सेलोटेप लावायचा आणि चटईसारखी गुंडाळी करून द्यायची.

त्यात सोलापूरचा उन्हाळा. डेव्हलपर साधारण २० अंशांना पाच मिनिटं असा हिशेब पाकिटावर छापलेला, आणि एप्रिल-मे महिन्यांत नळाचं पाणीच तिशीच्या पुढे. टाकीभोवती बर्फाची लादी ठेवली नाही तर फिल्म भराभर काळी पडते, धुरकट होते, थर मऊ पडून सुरकुततो. तीन फिल्मा एकामागून एक धुतल्या तरी तिसरीपर्यंत बर्फ वितळलेला असायचा, त्यामुळे जोडलेल्या पायाची मांडी एका रंगाची आणि पोटरी दुसऱ्याच. हाडाची रेघ मात्र फिल्मवर खऱ्या मापात, म्हणजे किरण पसरल्यामुळे वाढलेल्या का होईना पण ठरावीक मापात असायची. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

सीआरची (कॉम्प्युटेड रेडिओग्राफीची) फॉस्फर प्लेट, म्हणजे फिल्मऐवजी कॅसेटमध्ये घालून नंतर मशीनमध्ये वाचायची प्लेट, १९८३ मध्ये जपानमधून बाजारात आली. जिल्ह्याच्या गावी ती रुळायला बराच काळ गेला. लांब चित्रासाठी उभ्या स्टँडमध्ये तीन कॅसेट एकमेकींवर थोड्या चढवून लावायच्या आणि दूरवरून एकच एक्स्पोजर द्यायचं. शॉट एकच, म्हणून पेशंट मध्ये हलण्याचा प्रश्न नव्हता. पुढच्या कॅसेटच्या कडेची पांढरी रेघ मात्र मागच्या प्लेटवर उमटायची, आणि ती नेमकी गुडघ्याच्या फटीवर आली की सगळं पुन्हा.

चित्र थेट कॉम्प्युटरवर देणारं डीआर (डिजिटल रेडिओग्राफी) पॅनेल आल्यावर तुकडे पुन्हा वेगवेगळ्या वेळी घेतले जाऊ लागले. ४३ सेंटिमीटरचे तीन शॉट, दोन ठिकाणी पाच-पाच सेंटिमीटरची आच्छादी (दोन्ही तुकड्यांत येणारा सामाईक भाग), म्हणजे ११९ सेंटिमीटरचं चित्र. ते पुरं व्हायला काही सेकंद जातात. गुडघा दुखणारा पेशंट तेवढ्यात वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकतो आणि वाटी समोर राहत नाही. पाय थोडा जरी फिरला तरी बाकाचा कोन बदलतो, आणि सॉफ्टवेअर मात्र चित्र सुबक जोडून देतं. टाचा जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या जागी ठेवणं, हाताला धरायला दांडा देणं आणि पहिला शॉट खुब्याचा घेणं एवढं पाळलं तरी निम्मे घोटाळे टळतात.

इथे ट्यूब कशी हलवायची हा खरा तांत्रिक मुद्दा आहे. ट्यूब पॅनेलबरोबर खाली सरकवली तर प्रत्येक शॉटमध्ये किरणांचा उगमबिंदू वेगळा पडतो. अंतर १८० सेंटिमीटर, ट्यूब ३८ ने खाली, हाड पॅनेलपासून १० सेंटिमीटर पुढे असं धरा : त्या हाडाची सावली २.२ सेंटिमीटर सरकते. तुकडे जुळवायला चित्रात मोजपट्टी ठेवतात; ती पॅनेललाच चिकटवली असेल तर तिची सावली सरकत नाही. आता सॉफ्टवेअरने पट्टीचे आकडे जुळवले तर तुकड्यांच्या जोडावर हाड दोन सेंटिमीटरने चुकतं. हाड जुळवलं तर पट्टी चुकते. म्हणून पट्टी हाडाच्या पातळीत, दोन पायांच्या मध्ये उभी करायची असते. ट्यूब एकाच जागी ठेवून नुसती कलवली आणि पॅनेल सरळ खाली नेलं तर उगमबिंदू एकच राहतो आणि हा दोषच उरत नाही. त्यासाठी अंतर मात्र भरपूर लागतं, आणि पेठेतल्या जुन्या इमारतीतल्या खोलीत ते मिळत नाही.

दुसरी चूक सॉफ्टवेअरच्या स्वभावातच आहे. ते आच्छादीतला नक्षीचा सारखेपणा शोधतं. मांडीच्या हाडाचा मधला भाग म्हणजे सरळ नळी. तिथे वर-खाली सरकवलं तरी कडा जुळतातच, त्यामुळे जोड दिसायला स्वच्छ आणि लांबी चुकलेली असं होऊ शकतं. पट्टीवर नुसत्या सेंटिमीटरच्या रेघा असतील तर तीही एका घराने घसरते. शिशाचे आकडे हवेतच. पाठीच्या कण्यात तर मणके एकसारखे, त्यामुळे डी ८ वर डी ९ (पाठीच्या आठव्या मणक्यावर नववा) बसतो आणि एक मणका गायब होतो. सोलापूरकरांना हे जकार्डवरून, म्हणजे भोकांच्या पत्त्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागावरून, चटकन कळेल. नक्षीत अर्ध्यावर पत्ते मागेपुढे झाले तर फूल तुटलेलं दिसतं; पण आख्खी एक नक्षी गळली तर चादर फक्त आखूड होते, डोळ्याला काही खटकत नाही. म्हणून जोडलेल्या कण्यावर आधी मणके मोजायचे, मग कोन काढायचा. एमआरआयचे मानेचे आणि कमरेचे भाग जोडतानाही हेच, मोजणी मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून.

आता त्या शब्दाकडे. ‘स्कॅन’ हे मूळ अरुंद फटीचं काम. शिशाच्या चिरेतून किरणांची पातळ पट्टी पाडायची आणि ती पायावरून सरकवत न्यायची. पट्टी सरकते त्या दिशेने मोठेपणा येत नाही, म्हणून लांबी खरी मिळते. आडवी रुंदी मात्र फुगते. पुढे एकाच फिल्मवर खुबा, गुडघा आणि घोटा असे तीन नेमके शॉट शेजारी पट्टी ठेवून घेतले जाऊ लागले. फट गेली, सरकणं गेलं, नाव तेच राहिलं. मग सीटी आलं. त्यात मुख्य स्कॅनआधी टेबल सरकवून जे सपाट चित्र घेतात, त्यालाही काही मशीनवर स्कॅनोग्राम म्हणतात, काहींवर टोपोग्राम, काहींवर स्काऊट. आणि शेवटी उभं करून तुकडे जोडलेल्या चित्रालाही बाजारात तेच नाव चिकटलं, ज्यात ना फट आहे ना स्कॅन.

म्हणजे ‘स्कॅनोग्राम, दोन्ही पाय’ एवढ्या चिठ्ठीवर तीन वेगळ्या गोष्टी हातात पडू शकतात, आणि पडतातही. सीटीवर झोपवून काढलेल्या चित्रात लांबी चोख येते, पण पायावर वजन नसतं. गुडघ्याची झिजलेली बाजू वजनाखाली जशी मिटते तशी मिटतच नाही, आणि वाकडा पाय बराच सरळ दिसतो. शिवाय टेबल मध्यबिंदूच्या वर-खाली असेल तर रुंदी बदलते आणि कोनही किंचित ढळतो. तीन सांध्यांच्या फिल्मवर सांधे दिसतात, मधलं हाड दिसत नाही. जुनं फ्रॅक्चर वाकडं जुळलं असेल तर ते तिथेच लपतं. गुडघ्याच्या सर्जनला हवी असते खुब्याच्या गोळ्याच्या केंद्रापासून घोट्याच्या मध्यापर्यंतची रेघ, उभ्या स्थितीतली. मुलाच्या पायात दोन सेंटिमीटरचा फरक आहे का हे पाहणाऱ्याला हवी असते लांबी. एकाला कोन, दुसऱ्याला माप, आणि चिठ्ठीवर शब्द एकच. हा शब्द टाकून द्यायला हवा असं या कामातल्या अनेकांचं मत आहे आणि ते बरोबर आहे. ‘उभ्याने, दोन्ही पाय, खुबा ते घोटा, वाटी समोर’ एवढं लिहायला दहा सेकंद लागतात.

छपाईने या गोंधळात भर घातली. ड्राय प्रिंटरची (धुवावी न लागणारी फिल्म छापणाऱ्या मशीनची) सर्वांत मोठी फिल्म १४×१७ इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर उंच. ११९ सेंटिमीटरचं चित्र तिच्यावर बसवलं की ते ३६ टक्के उरतं. पायातला एक सेंटिमीटरचा फरक फिल्मवर साडेतीन मिलिमीटर. कोन तसाच राहतो, लांबी मात्र फिल्मवर पट्टी धरून मोजता येत नाही. १५ किंवा २० टक्के मोठेपणा धरून छापलेल्या इम्प्लांटच्या पारदर्शक टेंप्लेट अशा फिल्मवर ठेवून उपयोग नाही. खऱ्या मापात छापायचं तर तीन फिल्मा लागतात, आणि पुन्हा कटर व सेलोटेप. खर्च तिप्पट म्हणून बहुतेक ठिकाणी एका फिल्मवरच भागवलं गेलं. ते वाईट नाही, पण त्याच फिल्मवर शिशाची पट्टी स्पष्ट दिसत नसेल आणि कोपऱ्यात छपाईचं प्रमाण नसेल, तर ती फिल्म लांबीच्या कामाची राहत नाही.

‘खरं माप’ हेही सरळ नाही. डायकॉम फाइलमध्ये (वैद्यकीय चित्रं साठवायच्या ठरलेल्या पद्धतीच्या फाइलमध्ये) पिक्सेलच्या आकाराच्या दोन नोंदी असू शकतात : एक डिटेक्टरवरची, दुसरी कॅलिब्रेट केलेली, म्हणजे ज्ञात मापाच्या वस्तूवरून दुरुस्त केलेली. प्रिंटरने पहिली उचलली तर फिल्मवर येते ती सावलीची लांबी, हाडाची नव्हे. १० सेंटिमीटर पुढे असलेल्या हाडाला १८० च्या अंतरावरही ६ टक्के फरक पडतो. हाडाच्या उंचीवर चिकटवलेला धातूचा गोळा हा साधा उपाय. गोळा नसेल तिथे दहाचं नाणं चालतं, व्यास २७ मिलिमीटर. तिरकं बसलं तर त्याचा लांब व्यास मोजायचा.

आता फिल्मपेक्षा फिल्मचा मोबाइलवरचा फोटो जास्त फिरतो. खिडकीला फिल्म धरून तिरका काढलेला फोटो लांबीबरोबर कोनही बिघडवतो, आणि गुडघ्यात तीन अंशांवर निर्णय बदलू शकतो. ड्राय फिल्म उन्हात बंद गाडीत राहिली तर काळवंडते, हे वेगळंच. फोटो काढायचाच तर फिल्म व्ह्यू बॉक्सवर सपाट, मोबाइल तिच्या मधोमध समोर, आणि चौकटीत चारही कोपरे व पट्टीचे आकडे.