मीथिंक्स

'मीथिंक्स' हे इंग्रजीतील एक जुने, आता जवळजवळ मोडीत निघालेले क्रियारूप. अर्थ 'मला वाटते'. 'मी विचार करतो' हा मात्र त्याचा अर्थ नव्हे. 'आय थिंक' म्हणण्याचीच ही एक जुनाट लकब, असे अनेकजण समजतात. यातला 'मी' आपला 'मी' नाही आणि इंग्रजीतला 'आय'ही नाही. तो चतुर्थीतला 'मला' आहे.

प्राचीन इंग्रजीत दिसायला सारखी पण वेगळी अशी दोन क्रियापदे होती. 'थेंचन' म्हणजे विचार करणे आणि 'थ्युंचन' म्हणजे वाटणे, भासणे. पहिल्याला विचार करणारा कर्ता लागे. दुसऱ्याला कर्त्याची गरज नव्हती; ज्याला वाटते त्याचे सर्वनाम चतुर्थीत ठेवले की वाक्य पुरे होई. दोन्हींचे मूळ एकच. जर्मनमध्ये 'डेंकन' आणि 'ड्युंकन' अशी ही जोडी आजही वेगळी आहे, जरी त्यातले दुसरे तिथेही जुनाट झाले आहे. आइसलँडिक भाषेत या कुळातले क्रियापद अजून रोजच्या बोलण्यात, चतुर्थीसकट, वापरले जाते.

या रचनेचा एक सुंदर जुना दाखला इंग्लंडमधल्या वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याचा (राज्यकाल ८७१–८९९). पोप ग्रेगरीच्या लॅटिन ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतराला त्याने प्रस्तावना जोडली. सर्वांना माहीत असावेत असे काही ग्रंथ आपल्या सर्वांना समजेल त्या भाषेत आणावेत, हे सांगताना तो म्हणतो : म्हणून मला हे बरे वाटते, तुम्हालाही तसे वाटत असेल तर. 'मला' आणि 'तुम्हाला' दोन्ही चतुर्थीत. मराठीत आणताना वाक्याची मोडतोड करावी लागत नाही. आजच्या इंग्रजीत मात्र ती करावी लागते.

पुढे दोन्ही क्रियापदांचे उच्चार जवळ येत गेले आणि मध्ययुगीन इंग्रजीत ती 'थिंक' या एकाच रूपात मिसळली. दरम्यान नामांचे विभक्तिप्रत्यय झिजले आणि क्रियापदाआधी येईल तो कर्ता, असा क्रम पक्का झाला. या बदलात बिनकर्त्याची वाक्ये टिकेनात. 'लाइक'चेही तेच झाले. त्याचा मूळ अर्थ 'आवडणे', म्हणजे 'मला आंबा आवडतो' यातल्यासारखा. आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत. आज माणूसच कर्ता झाला आहे. 'वो इज मी' ('हाय, मला दुःख') या दुःखोद्गारातला 'मी' हा त्याच जुन्या चतुर्थीचा अवशेष.

'मीथिंक्स' तगला तो एकसंध शब्द बनून, आणि बराचसा शेक्सपिअरमुळे. 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकात नाटकातले नाटक पाहताना राणी गर्ट्रूड म्हणते, 'द लेडी डथ प्रोटेस्ट टू मच, मीथिंक्स'. लोक हे वाक्य उद्धृत करताना 'मीथिंक्स' अनेकदा सुरुवातीला आणतात. मूळात तो शेवटी आहे. शिवाय तिथे 'प्रोटेस्ट' म्हणजे विरोध नव्हे, शपथेवर सांगणे. त्या नाटकातल्या बाईसाहेब आणाभाका जरा जास्तच घेताहेत, असे राणीला वाटते. त्याच अंकात ढगाकडे बोट दाखवत हॅम्लेट पोलोनिअसला 'मीथिंक्स इट इज लाइक अ वीझल' म्हणतो (वीझल हा मुंगसासारखा लांबट प्राणी). जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८६ साली उत्क्रांतीतल्या, पायरीपायरीने साचत जाणाऱ्या निवडीची ताकद दाखवणाऱ्या संगणक प्रोग्रॅमसाठी हेच २८ अक्षरांचे, मोकळ्या जागा धरून, वाक्य घेतले.

भूतकाळी रूप 'मीथॉट'. स्वप्न सांगताना ते विशेष शोभते, कारण स्वप्नात माणूस विचार करत नाही, त्याला भासते. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये गाढवाचे डोके लाभलेला बॉटम जागा झाल्यावर ते पुन्हा पुन्हा म्हणतो आणि वाक्य काही पुरे करू शकत नाही.

आज हा शब्द थट्टेत किंवा लटक्या ऐटीत येतो. मराठीत आणताना 'मला वाटते' अर्थाला पुरते, पण तो जुना वास येत नाही. त्यासाठी 'मज वाटे' जास्त जवळचे.