लाईन

लाईन (स्त्रीलिंगी, अनेकवचन लाईनी) हा शब्द इंग्रजीतनं आला, पण कोकणात आता तो घरचाच झालाय. रेघ, ओळ, रांग, मार्ग, तार या सगळ्यांची कामं तो एकटा करतो आणि तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

पावसाळ्यात लाईन म्हणजे वीज. 'लाईन गेली', 'तुमच्याकडे आली काय लाईन?' एवढंच विचारतात, तार तुटली का ट्रान्सफॉर्मर उडाला ते नंतर बघू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा खांबच्या खांब आडवे झाले आणि कितीतरी गावांत लाईन यायला आठवडेच्या आठवडे लागले.

रेल्वेची लाईन वेगळी. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण सुरू. रोहा ते वीर डबल लाईन झाली, पुढे बहुतेक सिंगलच, म्हणून गणपतीत जादा गाड्या सोडल्या की क्रॉसिंगला तासन्‌तास खोळंबा होतो. पुढच्या स्टेशनानं गाडी घ्यायची तयारी दाखवली की 'लाईन क्लिअर', आणि हेच आता मुलीकडच्यांचा होकार आला की सुद्धा म्हणतात.

बाकी रेशनची लाईन, मेडिकल लाईन म्हणजे पेशा, पोलीस लाईन म्हणजे वसाहत, लाईन मारणं तर सगळ्यांना माहितीच आहे. समुद्राकाठी घर बांधणाऱ्याला मात्र हाय टाईड लाईन विसरून चालत नाही, १९९१ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनं या भरतीरेषेपासून आत ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध आणले.

मुळात हा शब्द लॅटिन लिनिया, म्हणजे जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याची दोरी, लिनन कापडाचं नावही त्याच घरातलं. हा जुना अर्थ कोकणात गवंड्याच्या हातात अजून जिवंत आहे, मला तर सगळ्यात हाच आवडतो. चिऱ्याची भिंत चढवताना दोन टोकांना खिळे ठोकून तो लाईनदोरी ताणतो आणि प्रत्येक चिरा दोरीच्या केसभर आत बसवतो, अजिबात टेकू देत नाही, कारण एक चिरा जरी दोरीला टेकला तरी दोरी बाहेर ढकलली जाते आणि पुढचा अख्खा थर वाकडा जातो.